भेकाच्या छातीतले जंत

पत्रक लिहायला मी कॉलेजात शिकले, अर्थात वर्गाबाहेर. एक कागद, दोन बाजू आणि सगळ्या मजकुरात एकच आरोपी. दोन आरोपी झाले की वाचणारा गोंधळतो आणि कागद भेळेच्या गाडीवर जातो, असं आम्हाला शिकवणारी ताई म्हणायची. चालत्या माणसाला चालता चालता कळेल एवढंच वाक्य लिहायचं. "कदाचित", "बहुधा", "काही अंशी" असले शब्द दिसले की ती ते लाल पेनाने उडवायची आणि वर म्हणायची, "घाबरतेस कुणाला?" मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आले तेव्हा ही सवय माझ्याबरोबर आली. दिवसा एका कंपनीसाठी जाहिरातींचा मजकूर लिहायचा आणि उरलेल्या वेळात तळी वाचवणाऱ्या एका छोट्या गटासाठी पत्रकं. दोन्हीकडे हात तोच. फरक एवढाच की दुसरीकडे मी खरं बोलते असा मला विश्वास होता.

आम्ही राहतो ते घर एचएसआर लेआउटच्या कडेला आहे, जिथे आखीव रस्ते संपतात आणि अजून न विकली गेलेली जमीन सुरू होते. गल्लीच्या टोकाला एक कुंटे आहे. इथे छोट्या तळ्याला कुंटे म्हणतात. उन्हाळ्यात निम्मं आटतं, वळवाचे दोन सडाके आले की भरतं. त्याच्या एका अंगाला मोठी सोसायटी, उंच इमारतींची. दुसऱ्या अंगाला एक जुनं बैठं घर, त्यात अक्का राहतात. पाण्यापर्यंत गाडी न्यायची तर वाट एकच, अक्कांच्या जागेतून.

या कुंट्यात भेक अंडी घालतात. भेक म्हणजे बेडकाचाच भाऊबंद, पण उड्या कमी मारणारा, कोरड्या खरखरीत कातडीचा. त्याला हात लावला की चामखीळ उठते असं आपल्याला लहानपणी सांगतात आणि ते खोटं असतं. पाऊस पडला की हे भेक कुठून कुठून निघतात आणि सोसायटीच्या फाटकासमोरचा रस्ता ओलांडून पाण्याकडे जातात. जे जाऊ शकत नाहीत ते सकाळी रस्त्यावर चपटे होऊन पडलेले असतात. गाडीवाल्याला चाकाखाली काही आलं हे कळतही नाही.

तसाच एक भेक एका सकाळी फाटकाशी पडला होता आणि कुणीतरी वाकून त्याचा व्हिडिओ काढला. त्याची छाती फुटली होती. फुटलेल्या जागेतून बारीक किडे बाहेर येत होते, दोऱ्यासारखे, आणि प्रत्येकाच्या अंगातून एक काळी रेघ गेलेली. ते वळवळत होते. व्हिडिओखाली लिहिलं होतं, "आपली मुलं इथे खेळतात." दुपारपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपमधून शेजारच्या सगळ्या ग्रुपांत गेला. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिहिलं की कुंटे बुजवून तिथे फरशा बसवाव्यात, म्हणजे आरोग्याचा प्रश्नही मिटेल आणि पाहुण्यांच्या गाड्यांची सोयही होईल. गाड्यांची सोय त्यांना केव्हापासून हवी होती. आता त्यांना किडे मिळाले होते.

सेक्रेटरी आमच्याच पुण्याचे. मी फोन केला तर म्हणाले, "अहो मॅडम, इमोशनल होऊ नका. प्रॅक्टिकल बोलूया. किडे आहेत की नाहीत?"

"असतील. म्हणून तळं बुजवायचं?"

"मग काय, त्याची पूजा करायची? पालिकेचा इंजिनियर पुढच्या शनिवारी येतोय पाहायला. तुमचं जे काय असेल ते तेव्हा बोला. शांतपणे, प्लीज. मागच्या वेळी तुम्ही ओरडला होता."

मी मागच्या वेळी ओरडले होते, हे खरं आहे. कारण त्या वेळी कुंट्याच्या कडेला सोसायटीचा पाइप सापडला होता. त्यांच्या सांडपाण्याचं यंत्र नीट चालत नाही आणि पहाटे, कुणी बघत नसताना, अर्धवट साफ केलेलं मैलापाणी त्या पाइपातून तळ्यात सोडतात. वास येतो. सगळ्यांना माहीत आहे. सगळे खिडक्या लावून घेतात.

म्हणून व्हिडिओ बघितल्या बघितल्या माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. मथळा असा: हे किडे बेडकांचे नाहीत, तुमच्या मैल्याचे आहेत! खाली पाइपाचा फोटो. गटातल्या सगळ्यांना तो आवडला. कुणीतरी म्हणालं, आता फक्त एखाद्या शास्त्रज्ञाचं एक वाक्य टाक, म्हणजे त्यांना तोंड उघडता येणार नाही.

शास्त्रज्ञ तर माझ्याच घरात होती. माझी रूममेट नागपूरची. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संस्थेत पीएचडी करते, आणि तिचा विषय काय, तर रानातल्या भेकांच्या अंगातले जंत. घर एकत्र घेतलं तेव्हा हे तिने सांगितलं नव्हतं. आमच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दह्याच्या शेजारी तिचे घट्ट झाकणाचे डबे असायचे आणि मी चुकून एकदा उघडला तेव्हा ती म्हणाली होती, "काहून उघडतेस बाप्पा दुसऱ्याचा डबा?" तिच्या कामासाठी ती जिवंत भेक मारत नसे. रस्त्यावर मेलेले गोळा करायची. सकाळी लोक दूध आणायला जातात तशी ती जायची.

मी पत्रकाचा मजकूर तिच्यापुढे ठेवला. ती मेथी निवडत होती. तिने हात न पुसता वाचला, कागदाला माती लागली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"ते मैला सोडतात की नाही?"

"सोडतात."

"भेकात किडे आहेत की नाही?"

"आहेत."

"मग?"

"मग काय मग? दोन खऱ्या गोष्टी शेजारी उभ्या केल्या म्हणजे त्यांचं लग्न लागलं का?"

मी चिडले. तिला म्हटलं, तुला एक वाक्य द्यायचंय, नाहीतर ट्रक येतील, माती पडेल आणि तुझे लाडके भेक मातीखाली जातील. तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि बोटाने ओट्यावरच्या पाण्यात एक वाटोळं काढत मला सांगू लागली. व्हिडिओतला जंत भेकाच्या फुप्फुसात राहतो. तिथे रक्त पितो, तिथेच अंडी घालतो. ती अंडी भेकाच्या तोंडात येतात, भेक ती गिळतो, मग ती त्याच्या विष्ठेतून ओल्या मातीत पडतात. मातीत त्यांची पिल्लं होतात, त्यांची एक अख्खी पिढी तिथे मोकळी जगते, आणि त्या पिढीची पिल्लं पुन्हा एखाद्या भेकाच्या कातडीतून आत शिरून छातीपर्यंत जातात.

"आता सांग," ती म्हणाली, "ह्याच्यात त्यांचा संडास कुठे आला?"

"पण लोकांना हे कोण समजावणार? लोकांना पाइप समजतो."

"तर पाइपावर लिही ना. मी कुठे नाही म्हटलं? पाइप वाईटच आहे. त्याच्या गळ्यात हा जंत नको बांधू."

मी तिला भित्री म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, उद्या पहाटे चल माझ्याबरोबर.

आम्ही पहिल्या बसने आनेकलच्या बाजूला गेलो. तिथे गावाबाहेर तिची एक ठरलेली जागा आहे, एक तळं, भोवती नाचणीची शेतं आणि फुलांची लागवड, जवळ वस्ती नाही की कारखाना नाही. रात्री सर पडून गेली होती. तळ्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर भेक मरून पडले होते. लांबच्या कारखान्याच्या पाळीला माणसं नेणाऱ्या गाड्या त्या रस्त्याने जातात. ती रस्त्यावर उकिडवी बसायची, चिमट्याने भेक उचलायची, पिशवीत ठेवायची, पिशवीवर जागा लिहायची. अगदीच सारवला गेला असेल तर त्याला नुसतं रस्त्याच्या कडेला गवतात सरकवायची. तो तिच्या काही कामाचा नसे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, पुन्हा चाक नको जायला. एवढंच. मी या मुलीला आदल्या दिवशी भित्री म्हटलं होतं.

परत येताना आमच्या फाटकासमोरचेही उचलले. मग तिच्या संस्थेत गेलो.

तिने भेक पाठीवर झोपवला, कातर घेतली आणि पोटावरून वर, हनुवटीपर्यंत कापत गेली. भेकाचं पोट आतून इतकं स्वच्छ आणि नीटनेटकं असेल असं मला वाटलं नव्हतं. फुप्फुसं म्हणजे दोन पातळ गुलाबी पिशव्या. त्यांच्या आरपार दिसत होतं, आणि आत काळ्या रेघा हलत होत्या. ती काळी रेघ म्हणजे जंताच्या पोटातलं भेकाचं रक्त. तिने पिशवी मिठाच्या पाण्यात उघडली आणि जंत बाहेर येऊन संथपणे वेटोळी घालू लागले. भेक पहाटेच मेला होता. हे अजून जिवंत होते. थोड्या वेळासाठी.

"आनेकलचा आहे हा," ती म्हणाली. "तिथे कुणाचा पाइप आहे?"

खोलीत कुणीच बोलत नव्हतं. शेजारच्या टेबलावर एक मुलगा भिंगात डोळा घालून बसला होता, त्यानेही मान वर केली नाही. मी कधीही कुठल्या प्रयोगशाळेत गेले नव्हते आणि मला एकदम देवळात चपला घालून आल्यासारखं वाटलं.

मग तिने आमच्या कुंट्यावरचे उघडले. त्यांच्या छातीतही तेच जंत. पण आनेकलच्या भेकांच्या आतड्यात आणखी एक प्रकार सापडला होता, पानासारखा चपटा, तो आमच्या कुंट्यावरच्यांत नव्हता. त्याला वाढायला आधी गोगलगाय लागते, मग कुठला तरी किडा, मग भेक. ती म्हणाली, आपल्या कुंट्यातल्या गोगलगायी बहुधा उरल्या नसतील.

मी ताडकन उभी राहिले. "म्हणजे घाण पाण्याने जंतसुद्धा मेले! हा मथळा आहे! जंतही जगू शकत नाहीत तुमच्या पाण्यात!"

"इतक्याशा भेकांवरून?" ती हातमोजे काढत म्हणाली. "मी बहुधा म्हटलं. तू ते ऐकलंच नाहीस."

"बहुधा छापता येत नाही."

"मग नको छापू."

मला रडू आलं, रागाने. मी तिला विचारलं, निदान एवढं तरी सांग, हा जंत भेकाचं काही बिघडवतो की नाही? म्हणाली, बिघडवतो. फार झाले तर लहान भेक नीट खात नाही, वाढत नाही, लवकर दमतो. थोडे असले तर भेक त्यांना घेऊन आयुष्य काढतो. बहुतेक सगळेच काढतात. जंत नसलेला भेक शोधायला गेलं तर ती बरेच दिवस शोधत राहील.

"म्हणजे तो वाईटच आहे."

"तो जंत आहे," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी नवीन पत्रक लिहायला बसले आणि मला ते येईना. खरं लिहायचं तर असं होतं: भेकांच्या छातीत जंत आहेत. ते नेहमीच असतात. ते माणसात जगत नाहीत. सोसायटी तळ्यात मैलापाणी सोडते, ते थांबलं पाहिजे, पण त्याचा या जंतांशी संबंध नाही. तळं बुजवू नका. वाचून बघितलं. हे वाचून कोण रस्त्यावर येईल? गटात पाठवलं तर एकाने लिहिलं, "हे आपलं पत्रक आहे की त्यांचं?" मी म्हटलं, आपलंच, आणि खाली माझं नाव टाकणार आहे. मतं घेतली नाहीत. घ्यायला हवी होती की नाही यावर गटात अजून भांडण आहे.

आमची पत्रकं, एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, इथल्या शिवाजीनगरच्या एका छापखान्यात होतात. बाजाराच्या मागच्या बोळात, वर वेल्डिंगचं दुकान. छापखान्याचे चाचा आमचं प्रत्येक पत्रक छापण्याआधी वाचतात. कन्नडही वाचतात, इंग्रजीही. त्यांनी हे दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

"क्या मॅडम, इसमें किसकू गाली दिए?"

"किसी को नहीं, चाचा."

"फिर छापते कायकू?"

वरून वेल्डिंगच्या ठिणग्या पडल्या आणि आम्ही दोघंही बाजूला झालो. त्यांनी छापलं. पण कागद हातात देताना असं बघितलं, जणू मला बरं नाहीये.

आता अक्कांकडे जायचं होतं. सगळं त्यांच्यावर होतं. त्यांनी वाट दिली नाही तर मातीचे ट्रक कुंट्यापर्यंत पोचणार नव्हते.

अक्का मराठी, पण आमच्यासारख्या नव्हे. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी घरात बोलतात, लिहिता-वाचता कन्नड. कुंट्याच्या बाजूने त्या नेहमीच आमच्याबरोबर उभ्या राहिलेल्या, पण व्हिडिओ आल्यापासून त्यांनी दार लोटून घेतलं होतं. कारण त्याच आठवड्यात त्यांच्या छोट्या नातीच्या पोटात जंत निघाले होते. पोर रात्री खाजतं म्हणून रडायची. डॉक्टरने गोळी दिली. अक्कांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि त्यांनीही त्यांचं लग्न लावून टाकलं.

मी गेले तेव्हा त्या ओसरीवर मशीनवर फ्रॉक शिवत होत्या. पाय थांबवला नाही.

"ये. स्वल्प थांब, एवढी शिवण संपू दे." मग दोरा तोडून म्हणाल्या, "काय आणलीस? नवा कागद? दे."

कन्नड बाजू त्यांनी ओठ हलवत वाचली. मी बघत होते. माझ्या जुन्या मथळ्याने ही बाई एका क्षणात आमची झाली असती, हे मला समोर दिसत होतं. पाइप दाखवला असता, म्हटलं असतं यांच्यामुळे तुमची नात रडते, आणि अक्का उद्या फाटकासमोर उभ्या राहिल्या असत्या.

"म्हणजे कप्प्यांच्या अंगात हुळ हाय," त्या म्हणाल्या. कप्पे म्हणजे बेडूक, हुळ म्हणजे किडा.

"आहेत अक्का."

"आणि माझ्या मगूच्या पोटात गेले ते?" मगू म्हणजे लेकरू, त्यांची नात.

"ते दुसरे आहेत. ते माणसाकडून माणसाला होतात. नखांत अडकतात, हातावरून तोंडात जातात. हात धुतले पाहिजेत, नखं कापली पाहिजेत, चादरी..."

मशीन थांबलं होतंच, आता त्यांचे हातही थांबले. "म्हणजे माझं घर घाण."

"तसं नाही म्हटलं मी."

"म्हटलीस की. बेडूक स्वच्छ, माझं घर घाण. त्या सोसायटीच्या अण्णांनी निदान मगूची काळजी तरी दाखवली. तू मला नखं कापायला शिकवतीस?"

"अक्का, खरं आहे म्हणून सांगतेय. कुणाच्याही मुलाला होतात."

"काय ग तुमचं पुण्याचं मराठी, खरं बोलायचं म्हणजे नुस्तं डोक्यात दगड घालायचा." त्यांनी पत्रक घडी करून मला परत दिलं. "सरी, ठीक हाय. येऊ दे ट्रक."

मी बाहेर आले. रूममेट रस्त्यावर उभी होती. तिने विचारलं नाही, चेहऱ्यावरून कळलं. मी तिला म्हटलं, तुझं खरं घेऊन आता बस. ती म्हणाली, बसते. आणि खरोखरच कडेच्या दगडावर बसली. मीही बसले. संध्याकाळ होत होती, कुंट्यातून नर भेकांचा तो एकसुरी, लांबलचक आवाज सुरू झाला होता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे सगळं जाईल, आणि मी जे खरं लिहिलंय त्याचा त्यात काही उपयोग झालेला नसेल.

शनिवारी सकाळी इंजिनियर आला. तरुण, दमलेला, हेल्मेट काखेत. सेक्रेटरींनी टॅबवर तो व्हिडिओ मोठा करून दाखवला, थांबवून, पुन्हा सुरू करून. सोसायटीची बरीच माणसं होती, आमचे थोडे. अक्का त्यांच्या कुंपणाशी उभ्या होत्या, हात छातीवर घट्ट बांधून. इंजिनियरने कन्नडमध्ये विचारलं, यांच्यात तज्ज्ञ कोण? रूममेट पुढे झाली. तिचं कन्नड माझ्याहून बरं आहे.

"किडे आहेत की नाहीत?"

"आहेत," ती म्हणाली.

"बघा!" सेक्रेटरी. "मान्य केलं यांनी. संपला विषय."

आमच्या गटातल्या एकाने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. इंजिनियरने कुंट्याकडे पाहिलं, मग वाटेकडे, मग कुंपणाशी उभ्या असलेल्या बाईकडे, आणि विचारलं की ट्रक यांच्या जागेतून न्यायला यांची हरकत नाही ना?

अक्कांनी त्याला उत्तर दिलं नाही. त्या रूममेटशी बोलल्या, आणि मराठीत बोलल्या, म्हणून अर्ध्या लोकांना ते कळलं नाही.

"ए पोरी. तू कापून बघितलीस?"

"हो अक्का."

"माझ्या मगूच्या पोटातले आणि हे, एकच?"

"नाही. भेकाचा जंत तिच्यात जगत नाही. तिचा भेकात जगत नाही."

"नक्की? का आपलं अंदाजे?"

"हे नक्की," ती म्हणाली. मी तिला इतक्या दिवसांत "नक्की" म्हणताना ऐकलं नव्हतं.

अक्कांनी एकदा पाण्याकडे पाहिलं. मग सेक्रेटरींकडे वळल्या. "अण्णा, माझ्या नातीच्या पोटात जंत निघाले. आम्ही गोळी दिली. पोटात माती नाही भरली."

कुणीतरी हसलं. सेक्रेटरी नाही हसले. म्हणाले, "अक्का, तुम्ही विषय दुसरीकडे नेताय. मुलांच्या आरोग्याचा..."

"गाड्या लावायच्या तर गाड्या म्हणा की. मुलांचं नाव कशाला घेता?" मग इंजिनियरला कन्नडमध्ये एकच वाक्य. वाट मिळणार नाही.

मी त्यांच्याकडे धावत गेले. त्यांनी हात वर करून मला लांबच थांबवलं. "तुझ्यावरचा राग तसाच हाय," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

पत्रकात हे इथे संपलं असतं. प्रत्यक्षात इंजिनियरला सोसायटीची तक्रार मिटवूनच परत जायचं होतं. त्याने तोडगा काढला. कुंटे राहील, पण मुलांच्या सुरक्षिततेसाठी भोवती भिंत. पाइपाबद्दल मी विचारलं तर म्हणाला, ते दुसऱ्या खात्याकडे. भिंतीला ट्रक लागत नाही. विटा सोसायटीच्या बाजूने ढकलगाडीतून आल्या आणि आम्ही पाइपाच्या अर्जामागे धावत असतानाच ती उभी राहिली. गुडघ्याएवढी, चारी बाजूंनी, सिमेंटचा गुळगुळीत गिलावा. दिसायला देखणी. भेकाला ती चढता येत नाही.

हे आम्हाला पुढच्या सरीला कळलं. दिवेलागणीच्या सुमाराला पाऊस थांबला आणि भेक निघाले, नेहमीसारखे. रस्त्यावर जे मेले ते मेले. जे वाचले ते भिंतीशी येऊन थांबले. ओळीने, भिंतीला नाक लावून. काही जण पुढचे पाय वर करून उभे राहायचे आणि घसरून पाठीवर पडायचे. पलीकडे पाणी होतं आणि त्यांना त्याचा वास येत असणार. थोडे परत फिरले, पुन्हा रस्त्यावर गेले. आम्ही दोघी वाकून वाकून त्यांना उचलत होतो, पलीकडे सोडत होतो. हातात धरला की भेकाची छाती जोरात धडधडते. मला आता माहीत होतं त्या छातीत आणखी कोण कोण आहे. मी कुणालाही टाकलं नाही. मागून अक्का आल्या, हातात केराची सुपली घेऊन, आणि त्यात भेक गोळा करू लागल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "हात धुवा घरी जाऊन. नखांतनं." आणि माझ्याकडे बघितलं.

मी इंजिनियरला लिहिलं, भिंतीला तळाशी भोकं पाडा. उत्तर आलं नाही. सोसायटीला लिहिलं. उत्तर आलं की विषय बंद झाला आहे. मग एका रविवारी सकाळी, उजेडात, सगळे बघत असताना, मी छिन्नी-हातोडा घेऊन गेले आणि अक्कांच्या बाजूच्या भिंतीतल्या तळाच्या विटा काढल्या. मला ते नीट जमलं नाही. भोकं वेडीवाकडी झाली, अंगठ्याला लागलं. सेक्रेटरी खाली आले, ट्रॅकपँटमध्ये, हातात चहाचा मग.

"मॅडम, हे नुकसान आहे. कुणी केलं म्हणून लिहू?"

"माझं नाव लिहा."

"अहो, किती हट्ट? एका किड्या पडलेल्या बेडकासाठी?"

आदल्या दिवशीच्या पावसात अडकून राहिलेला एक भेक तिथेच होता, भिंतीच्या सावलीत, लहानसा, या वर्षीचाच असावा. ठोकाठोकीने तो अंग चोरून बसला होता. आवाज थांबल्यावर जरा वेळाने हलला. भोकापाशी आला, थांबला. गळ्याखालची कातडी वरखाली होत होती. आम्ही दोघंही बघत राहिलो, का ते मला सांगता येणार नाही. मग त्याने एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि पलीकडे गेला. पाण्याचा आवाज आला नाही, नुसतं गवत हललं.

"म्हणजे तो ते किडे घेऊनच आत गेला," सेक्रेटरी म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "घेऊनच."

त्यांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, सोमवारी गवंडी येईल, भोकं बुजवेल. मी म्हटलं, सोमवारी मी सुट्टी घेतली आहे.